जिन्याच्या डाव्या हाताचा वॉर्ड

धाराशिव
९ नोव्हेंबर २०२५

दादा,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस, म्हणून कागदावर लिहितेय. पत्ता तुझ्या कंपनीतल्या गोरोबाकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तो देत नव्हता. मी त्याच्या बायकोला मध्ये घातलं.

आधी बातमी. माझं रजिस्ट्रेशन झालं. आता मला कुणी शिकाऊ म्हणायचं नाही. नोकरीही लागली. कुठं लागली ते लिहायला जड जातंय. लातूरला दोन ठिकाणी मुलाखत दिली होती, सोलापूरला एका ठिकाणी. बोलावणं आलं ते धाराशिवहून. हो, तोच दवाखाना. अण्णांना नेलं होतं तोच. आईला सांगितलं तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. "चांगला दवाखाना हाय, जा," म्हणाली आणि फोडत राहिली. आम्हा दोघींना महिनाभर पुरतील एवढ्या शेंगा तिनं त्या दुपारी फोडल्या.

मी इथं नर्सेसच्या होस्टेलवर राहते. रविवारी एसटीनं ढोकीला घरी जाते. खोलीत श्रावस्ती आहे, माझ्याच बॅचची. तिला सगळ्याचं हसू येतं. मी रात्री कुलूप तीनदा ओढून बघते, त्याचंही.

आता मुद्दा. मेट्रन मॅडमनी आम्हाला बोलावलं. तीन ठिकाणी जागा आहेत: प्रसूती, ऑपरेशन थिएटर आणि पुरुष मेडिसिन. म्हणाल्या, "दोन आठवडे तिन्हीकडं फिरा आणि चोवीस तारखेला मला येऊन सांगा. पहिल्या वॉर्डात हाताला जे वळण लागतं ते रिटायर होईपर्यंत जात नाही, तेव्हा मैत्रिणीला विचारून ठरवू नका." मला तर विचारल्याशिवाय भाजीसुद्धा घेता येत नाही.

धुरपता आत्या म्हणाली, "बाळंतिणींकडं जा. रोज पेढे. आन म्हातारपणी लोकं वळखतेत, हिनं माझं पोरगं झेललं म्हनून." श्रावस्ती म्हणाली, "थिएटरला तर जाऊच नकोस. तू गॉजचे तुकडे मोजत बसशील आणि पेशंट भूल उतरून घरी जाईल." खरं सांगायचं तर मी आईला दोनच जागा सांगितल्या. तिसऱ्या जागेचं नाव मी घरात घेतलेलं नाही.

आणखी एक खरं. आई म्हणते, दादाला विचार. मी म्हणते, विचारलं, तो म्हणाला तुझं तू ठरव. तुझ्या तोंडी मी गेली दोन वर्षं बरीच वाक्यं घातली आहेत. ती सगळी चांगली आहेत, काळजी करू नकोस.

पहिल्या वर्षी कॉलेजात तोंडावाटे औषध देण्याचं प्रात्यक्षिक होतं. बाईंनी विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, घरी, वडिलांकडं. सगळ्यांना वाटलं वडील कंपाउंडर असतील. मी खुलासा केला नाही. आता वाटतं, करायला हवा होता. अण्णा कारखान्यावर वजनकाट्यावर लागले तरी त्यांनी चार मेंढरं शेवटपर्यंत ठेवली, त्यांच्यावरच आपली शाळा झाली. मेंढरू उभं पाहिजे. मान सरळ, फार वर नको. एकानं जबडा धरायचा, अंगठा गालफडाच्या कोपऱ्यात, दुसऱ्यानं बाटली तिरकी. घोट गेला की थांबायचं. आडव्या जितराबाला कधी पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातंय आणि मग घरघर लागून मरतंय. तुझी पकड सगळ्यात चांगली. शेजारच्या कळपांतून तुला बोलावणं यायचं. मी बाटली धरायची. आईला ते कधी जमलं नाही. मेंढरानं मान झटकली की ती बाटली टाकून पळायची आणि अण्णा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

तू सांग दादा. कुठं राहू? एका ओळीचं उत्तर दिलंस तरी चालेल.

समृद्धी


ढोकी
१६ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. पत्र मिळालं हे गोरोबाच्या बायकोनं कळवलं. उघडलं की नाही, ते तिला माहीत नाही.

प्रसूती विभाग झाला. तिथं बायका शिव्या देतात, मग पोर झालं की त्याच तोंडानं माझी दृष्ट काढतात. एकीनं मला विचारलं, "सिस्टर, लग्न झालंय का?" मी नाही म्हटलं. "मग व्हऊ दिऊ नको," म्हणाली आणि पुढच्या कळेला माझं मनगट असं दाबलं की वळ अजून आहे. मला तिथं आवडायला हवं होतं. पण बाळ जन्मलं आणि रडलं नाही की तेवढ्या वेळात माझ्या कानात दुसराच आवाज सुरू होतो. बाळ रडलं तरी तो लगेच थांबत नाही.

तो आवाज तुलाही माहीत आहे. मी लातूरहून पोचले ती शेवटची दुपार होती. परीक्षा चालू म्हणून तुम्ही मला दोन दिवस कळवलंच नाही. मी जिना चढत होते तेव्हा वाटलं, वॉर्डात कुणी हुक्का ओढतंय. डाव्या हाताला वळले, तर ते अण्णा होते.

मग थिएटर. दादा, थिएटर मला फार आवडलं. हिरवे कपडे, तोंड झाकलेलं, आत येणाऱ्या माणसाला नाव एकदाच विचारायचं. नातेवाईक दोन दारांपलीकडं. कुणी हात धरत नाही, कुणी काही मागत नाही. सगळं मोजलेलं, आणि मोजणं तर माझ्या स्वभावातच आहे. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तुझा हात स्वच्छ आहे. मला इतकं बरं वाटलं की बाहेर आल्यावर मी स्वतःवरच संशय घेतला.

उद्यापासून पुरुष मेडिसिन. आजवर मी मागच्या जिन्यानं जायचे. मेसला लांब पडतं, पण अण्णांच्या वॉर्डाच्या दारावरून जावं लागत नाही.

आज घरी महांतप्पा काका आले होते, अण्णांच्या जोडीला काट्यावर होते ते. गाळपाचा हंगाम, अंगभर उसाचा भुसा. आई माठाजवळच बसली होती. तरी तिनं भिंतीवरून शेजारच्या बाळीला हाक मारली, "बाळे, काकांना तांब्या दी गं." काका हसले, "वहिनी, हाताला मेंदी लागलीय का?" आई पण हसली. बाळी आली, पाणी दिलं, गेली.

मग मला एकेक आठवायला लागलं. मी आले की आई तांब्या भरून कट्ट्यावर ठेवते. मला वाटायचं, कामाच्या घाईत ठेवते. वासरू आजारी पडलं तर औषध पाजायला कुणालातरी बोलावते. सवाष्णींना जेवायला घातलं तेव्हा पाणी वाढायला आत्या. अण्णा गेल्यापासून आईनं कुणाच्या हातात पाणी दिलेलं नाही, दादा. अडीच वर्षं, आणि मी तिच्याच घरात येत-जात होते.

मी पोचण्याआधीच्या त्या दिवसाबद्दल मला जे माहीत आहे ते आत्याकडून. अण्णांची उजवी बाजू गेलेली, दातखीळ बसलेली, शुद्ध नाही. तोंडानं काही द्यायचं नाही असं सिस्टरनी बजावलेलं. आत्या म्हणाली, भाऊ चाललाय, तानेलं धाडू नका, घोटभर पाजा. मग आत्या रडायला बाहेर गेली. परत आली तेव्हा अण्णा निळे पडले होते. डॉक्टर धावत आले, विचारलं, पाणी कुणी पाजलं? तू म्हणालास, आईनं. आईनं मान डोलावली.

दहाव्याला सगळ्यांसमोर तू तिला काय म्हणालास ते मी स्वतः ऐकलं. ते लिहीत नाही. संध्याकाळच्या गाडीनं तू गेलास.

मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. मला फक्त कुठल्या वॉर्डात जायचं ते ठरवायचंय. थिएटर म्हणू का?

समृद्धी


धाराशिव
२० नोव्हेंबर

दादा,

आज गुरुवार. हे पत्र रविवारपर्यंत थांबवता आलं असतं. थांबवत नाही.

वॉर्ड तसाच आहे. पहिला मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. भिंतींचा रंग बदललाय. खिडकीजवळच्या पलंगावर बब्रुवान नावाचे एक काका आहेत, कळंबकडचे. अण्णांसारखंच. उजवी बाजू गेलेली, हाक मारली तर पापणी हलते तेवढंच, नाकातून नळी. पहिले दोन दिवस मी त्या पलंगाचं काम दुसऱ्या सिस्टरशी बदलून घेतलं. तिला सांगितलं, खिडकीतून ऊन येतं, मला डोकं दुखतं. तिनं पडदा ओढून दिला.

काकांचा मुलगा रणधीर तुझ्याच वयाचा असेल. शेळ्या राखतो. रोज विचारायचा, "सिस्टर, घोटभर पाणी पाजू का? ओठ फुटलेत त्यांचं." इन्चार्ज सिस्टर रोज तेच उत्तर द्यायच्या, तोंडानं काही द्यायचं नाही. तो मान हलवायचा. त्याला कळलंय असं आम्हाला वाटायचं.

आज भेटायच्या वेळेला गावाकडनं जीप भरून माणसं आली. इन्चार्ज सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या. मी थर्मामीटर घेऊन येत होते. एक म्हातारी म्हणाली, "आता काय ऱ्हायलंय. घरघर लागायच्या आदी मुखात पानी घाला पोरांनो." रणधीरच्या बायकोनं पिशवीतून बाटली काढली. आणि रणधीरनं काकांचा जबडा धरला. चार बोटं हनुवटीखाली, अंगठा गालफडाच्या कोपऱ्यात.

ती पकड मी ओळखते, दादा.

अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला शिकवलंय. शांतपणे, नातेवाइकांच्या भावना समजून घेऊन. त्यातलं एक अक्षर मला सुचलं नाही. मी ओरडले, "आडव्या जितराबाला पाजतंय का कुणी?"

आवाज माझा नव्हता. तो अण्णांचा होता, गोठ्यातला. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. बाटलीतलं पाणी चादरीवर सांडलं. रणधीर स्वतःच्या हाताकडं बघत राहिला, मग त्यानं तो काढून घेतला आणि मला म्हणाला, "न्हाय." शाळेत उत्तर द्यावं तसा. म्हातारी म्हणाली, "अगं बया, माणसाला जितराब म्हनती ही पोरगी." तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या. पलंगाचं डोकं वर केलं, गॉज ओला केला, घट्ट पिळला आणि रणधीरच्या हातात दिला. "ओठ पुसा. जिभेवरून फिरवा. पाणी खाली ओघळता कामा नये." तो पुसत राहिला. म्हातारीनंही पुसलं. काकांनी जीभ हलवली.

मला नंतर बोलणी बसली. "नातेवाइकांशी असं बोलायचं नसतं." मग थोड्या वेळानं, "पण थांबला तो."

मी औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बाटल्यांवरची नावं वाचत होते आणि एकही कळत नव्हतं. पाजायला दोन माणसं लागतात. एक जबडा धरायला, एक ओतायला. त्यात दातखीळ बसलेली. आईच्या हातात दातखीळ सोडवायची ताकद नाही आणि कसबही नाही. तिनं आयुष्यात कधी मेंढराचा जबडा धरला नाही. आत्या बाहेर रडत होती. अण्णांच्या पलंगापाशी आणखी एकच माणूस होतं.

पुढं लिहीत नाही. मला काय कळलंय ते तुला कळलं असेल.

समृद्धी


ढोकी
२३ नोव्हेंबर

दादा,

गुरुवारचं पत्र टाकल्यावर मला पश्चात्ताप झाला. पेटीपाशी परत गेले होते. पोस्टमननं तोवर पेटी रिकामी केली होती. माझा अंदाज चुकलाही असेल, या आशेनं आज आईला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. संवाद जसा झाला तसा लिहिते, माझ्या पदरचं काही नाही.

"आई, त्या दिवशी अण्णांचं तोंड कुणी उघडलं?"

"कुणी म्हंजी? म्या."

"आणि पाणी?"

"त्येबी म्याच."

"दातखीळ दोन हातांनी सुटते. मग बाटली कशानं धरलीस?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. "तू नर्स झालीस का पोलीस झालीस?"

मी हसले नाही. तिनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले. मग म्हणाली, "त्याला कळू दिऊ नको, तुला कळलंय म्हनून."

"त्यानं तुझं नाव घेतलं, आई."

"घिऊ दी की. खोटं कुठं बोलला? पानी माझ्याच हातानं गेलं." मग म्हणाली, "डाक्टरनं इचारलं तवा म्या त्याचं तोंड बघितलं. पांढरं फटक. वाटलं, ह्यो आता म्हनतुय, मीबी व्हतो. आन म्हनला की जन्मभर त्येच घिऊन बसंल. तर त्यो म्हनला, आईनं. मला बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"व्हय. म्हनलं, सुटलं माझं लेकरू."

आणि तिनं सूप उचललं.

तर दादा, तिनं मला बजावलंय, त्याला कळू देऊ नको. आणि मी कळवतेय. आईचा शब्द मोडण्याची ही माझी पहिली वेळ आहे. तिला मी हे सांगणार आहे, लपवणार नाही. मला वाटतं तू सुटलेला नाहीस. सुटलेला माणूस बहिणीचा आवाज ऐकून फोन ठेवत नाही.

आता मी नर्स म्हणून लिहिते. शनिवारी डॉक्टरांना विचारलं, कुणाचं नाव न घेता. म्हटलं, एवढा मोठा झटका आलेल्या पेशंटला पाणी पाजलं आणि तो दोन दिवसांनी गेला, तर कशानं गेला? ते म्हणाले, झटका किती मोठा होता त्यावर. मी म्हटलं, मोठा होता. ते म्हणाले, मग पाण्याशिवायही गेला असता, बहुतेक. "बहुतेक" हा शब्द त्यांनी नंतर लावला. मी तो तुझ्यापासून लपवला असता तर तू आज बरा झोपला असतास. मला तसं करता येत नाही. पाण्यानं नुकसान झालं. ते नसतं तर अण्णा वाचले असते का, हे कुणीच सांगू शकणार नाही, तू नाही, मी नाही, कुठलाच डॉक्टर नाही. आपल्याला हे न कळताच राहायचंय.

एक मात्र मला रणधीरकडं बघून कळलं. त्यालाही शेळी आडवी असताना पाजायचं नसतं हे ठाऊक आहे. तरी त्यानं धरला. त्याच्या लेखी त्या वेळी पलंगावर पेशंट नव्हता, जाणारा बाप होता. जाणाऱ्याला पाजताना पोटात उतरलं की फुप्फुसात, असा हिशेब कुणी करत नाही. तू जनावरांचं सगळं शिकलेला माणूस. त्या क्षणी ते तुझ्या डोक्यात नसणार, फक्त हातात असणार. हातानं आपलं काम चोख केलं, हेच वाईट झालं.

उद्या चोवीस तारीख. थिएटर म्हटलं तर आई सुखी होईल, मी पण. आत्या आणि श्रावस्ती चार दिवस बोलतील. मी मघाशी आरशासमोर म्हणून पाहिलं, "मॅडम, थिएटर." छान वाटतं म्हणायला. तिसऱ्या जागेचं आईला मी आज सांगणार होते, पण ज्वारी निवडून झाली आणि ती मारुतीला गेली.

समृद्धी


धाराशिव
३० नोव्हेंबर

दादा,

सोमवारी मेट्रन मॅडमसमोर उभी राहिले आणि तोंडातून "पुरुष मेडिसिन" निघालं.

"का?" त्यांनी विचारलं.

"मला तिथं भीती वाटते."

"भीती वाटते म्हणून वॉर्ड घेतात का?"

"थिएटर आवडलं मॅडम. फार आवडलं. तिथं मी जन्मभर लपून बसेन."

त्यांनी चष्मा काढला. "सहा महिने बघ. जमलं नाही तर येऊन सांग. रडत येऊ नको, नीट सांग." बाहेर श्रावस्ती उभी होती. तिला थिएटर मिळालं. ती म्हणाली, "तुझ्यामुळं मला आता गॉज मोजायला लागणार." मग तिनं मला चहा पाजला, आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

सगळं सुरळीत आहे असं तुला वाटू नये म्हणून लिहिते. आवाज येतो. कफ ओढायचं सक्शनचं मशीन लावलं की येतो, कुणी पेल्याच्या तळाचं ओढून प्यायलं तरी येतो. झोपलेल्या प्रत्येक माणसाची छाती वरखाली होते का, हे मी थांबून बघते. एसटीत शेजारी डुलकी घेणाऱ्याचीसुद्धा. एका आजोबांनी डोळे उघडून विचारलं, "काय बगतीस गं?" मी म्हटलं, काही नाही.

बब्रुवान काका मंगळवारी दुपारी गेले. पाण्यानं नाही. झटका दुसऱ्यांदा आला. रणधीर शेवटपर्यंत गॉज फिरवत होता. सगळं आवरल्यावर तो जिन्यात माझ्याजवळ आला आणि विचारलं, "सिस्टर, पोचलं आसंल का त्यांना?" पाण्याचं विचारत होता. मला काय ठाऊक? हो म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "ओठ कोरडे नव्हते त्यांचे. एवढं मी बघितलंय." त्यानं ते मनाशी एकदा म्हणून घेतलं. मग खाली गेला.

बुधवारी चंपाषष्ठीला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. घरी गेले. आईनं रोडगे केले होते आणि भरिताची वांगी निखाऱ्यावर होती. तळी उचलायला शेजारची माणसं बोलावली, गेल्या वर्षीसारखीच. मी चुलीपाशी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. जागा दोन नव्हत्या, तीन होत्या. मी तिसरी घेतली, अण्णांचाच वॉर्ड. आणि तू सांगू नको म्हणालीस ते मी दादाला लिहिलं.

शेवटच्या गोष्टीवर ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं वांगं उलटं केलं. जळकं साल बोटांनी सोलत राहिली, चटके बसत होते तरी.

"वाचलं का त्यानं?"

"माहीत नाही."

तिनं साल बाजूला टाकलं. मग म्हणाली, "लोकं येत आसतील तिथं, बाटल्या घिऊन."

"येतात."

"मग काय करतीस?"

"थांबवते."

"वरडतीस?"

त्या गुरुवारी मी काय ओरडले ते तिला सांगितलेलं नाही. मी निखारे सारत बसले, आणि तिला कळलं.

"वरडू नको, समू," ती म्हणाली. "बाटली धरलेल्यावर नको, आन ज्यानं जबडा धरलाय त्याच्यावर तर आजाबात नको. त्याचा हात धरायचा नुसता. धरून ठिवायचा. त्याला लई थरथर सुटलेली आसती गं, बाहीरून दिसत न्हाय."

मला आधी वाटलं, ती नर्सला सांगतेय. मग कळलं, ती तुझ्या बहिणीला सांगतेय.

काल ईट गावचा एक माणूस भावाला पाजायला निघाला होता. थोराड, मिशाळ, आवाज मोठा. मी ओरडले नाही. त्याचा हात धरला. ती म्हणते तसंच होतं, दादा. बाहेरून दिसत नव्हतं.

समृद्धी